डोक्यातली गाठ

आमचा एक जुना विद्यार्थी. राजूरजवळच्या वाडीत भातशेती करतो. त्याचे डोके रोज पहाटे दुखे. उलटी झाली की बरे वाटे. घरच्यांना वाटले, पित्त असेल. मग भगताकडे नेले. भगताने कोंबडे मागितले. कोंबडे गेले, दुखणे राहिले. आम्हीही त्याला म्हणालो, "अरे, चष्मा लागला असेल." चूक आमचीही झाली. चार महिन्यांनी त्याला धड दिसेना, तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली.

असे का होते? कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. पोटात गाठ वाढली तर पोट फुगते. कवटीला फुगता येत नाही. आत गाठ वाढली की मेंदूवर दाब पडतो. गाठ कर्करोगाची नसली, तरी जागा अडवतेच. रात्रभर आडवे निजल्याने दाब वाढतो. म्हणून पहाटे जास्त दुखते.

प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे. अशा गाठी क्वचितच होतात. पण दुखणे नवे आहे आणि वाढत चालले आहे, मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फेफरे आले, एका बाजूचा हातपाय लुळा पडू लागला, तर दवाखाना गाठावा.

पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू नावाची दोरी जाते. तिथेही गाठ होते. पाठ रात्री दुखते, पाय जड होतात, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. लघवी अडली तर मग दिवस नव्हे, तास मोजावे.

साध्या एक्स-रेमध्ये मेंदू दिसत नाही. १९७१ साली इंग्लंडात एका बाईचा मेंदू पहिल्यांदा सीटी स्कॅनने पाहिला. ते यंत्र करणाऱ्या हाऊन्सफिल्ड साहेबांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता एमआरआयही आहे. त्यात मोठे लोहचुंबक असते. ठोकल्यासारखा आवाज होतो, भिऊ नये. अंगावरचे दागिने काढावे लागतात. मंगळसूत्र काढायला बायका कचरतात. घटकाभर ते नवऱ्याच्या हाती द्यावे. त्याने त्याचे आयुष्य कमी होत नाही!

चित्रात गाठ दिसते. तिची जात मात्र तुकडा तपासल्याशिवाय पक्की कळत नाही. एपेंडिमोमा नावाची एक दुर्मिळ गाठ आहे. ती मेंदूत होते, मज्जारज्जूतही होते. अशी गाठ रोज पाहण्यात नसते. म्हणून तो तुकडा जाणत्या डॉक्टरांना पुन्हा दाखवणे बरे. मुंबईत परळला १९४१ साली सुरू झालेले टाटा रुग्णालय आहे. घोटीमार्गे कसाऱ्याला गेले की लोकल मिळते. जाताना सगळे कागद, फिल्म, काचपट्ट्या आणि मेणात ठेवलेला तुकडा मागून न्यावा. रेशनकार्ड, आधारकार्डही घ्यावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, ते आधी विचारावे.

बहुधा आधी शस्त्रक्रिया होते. सगळी गाठ निघाली तर उत्तमच. ती नाजूक जागी असेल, तर डॉक्टर थोडी तशीच ठेवतात. मग गरजेप्रमाणे किरणांचा शेक किंवा औषधे देतात. डोके उघडले की माणूस वेडा होतो, असे लोक म्हणतात. ते खोटे. धोका असतो, तो डॉक्टरांना नीट विचारून घ्यावा.

आमच्या विद्यार्थ्याची गाठ निघाली. डोकेदुखी थांबली. गेलेली नजर मात्र पुरती आली नाही. यंदा आवणीला तो चिखलात उभा होता. रोपे हाताने चाचपून लावत होता.