तीन वाव लांब, दोन मुठी सैल

आर्क्टिकमधला इन्युइट शिकारी कयाक दुकानातून आणत नसे. सदरा शिवावा तशी ती त्याच्या अंगावर बेतलेली असे. लांबी साधारण तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरले की होणाऱ्या मापाच्या तिप्पट. बसायच्या जागेची रुंदी कंबर अधिक दोन मुठी. सांगाडा समुद्रात वाहून आलेल्या लाकडाचा, वर सीलचं कातडं.

कनू म्हणजे तिची मावसबहीण. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन पात्यांचं वल्हं मारायचं. कनूत गुडघे टेकायचे नाहीतर फळीवर बसायचं, वल्ह्याला पातं एकच. या हिशेबाने आंब्याचं खोड कोरून केलेली कोकणातली पगार कनूच्या घराण्यातली. ती डगमगते म्हणून कोळ्यांनी बाजूला तोल सावरणारी उलांडी बांधली. नवशिक्यांच्या पोटात गोळा आणणाऱ्या प्रश्नावरचा हा उपाय कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा फार जुना!

रुंद होडी स्थिर पण सुस्त, अरुंद होडी चपळ पण चंचल. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकपासून स्पर्धेत असलेल्या कयाकच्या खेळातली एकट्याची होडी आज 5.2 मीटर लांब असते आणि वजनाला जेमतेम 12 किलो. नवखा माणूस तीत बसला की बसल्या जागीच कलंडतो. उलट, दहा फुटी गुबगुबीत होडी छोट्या तळ्यात छान. मोठ्या पाण्यात वारा सुटला की प्रत्येक वल्ह्याला तिचं तोंड इकडे नाहीतर तिकडे. म्हणून पहिली होडी बारा ते चौदा फुटी घ्यावी.

रत्नागिरीत मोठं पाणी म्हणजे खाड्या: भाट्ये, जयगड, दाभोळ, जैतापूर. इथे ‘सिट-ऑन-टॉप’ जातीची कयाक बरी. तिच्या तळाला आरपार भोकं असतात आणि आत आलेलं पाणी त्यातूनच निघून जातं. हे ऐकून घरचे धसकतात, पण पोकळ बंद कवचामुळे ती बुडत नाही. पाय आत घालायची बंद कयाक थंड मुलखाची. आपल्याकडे तिच्यात घामच निथळेल. हवा भरायची होडी पिशवीत मावते खरी, पण वाऱ्यासमोर तिचं काही चालत नाही. रंग आणि बाटली ठेवायचा खळगा शेवटी बघा. आधी छातीभर पाण्यात उतरून, लाइफ जॅकेटसकट, पुन्हा वर चढता येतं का ते बघा. दुसरी परीक्षा किनाऱ्यावरची: 25-30 किलोचं हे धूड गाडीच्या टपावर चढवणार कोण?

जर्मनीच्या ऑस्कर स्पेकने असल्या परीक्षा दिल्या होत्या की नाही कोण जाणे. 1932 मध्ये तो उल्म गावाहून डॅन्यूब नदीत घडीची कयाक घालून निघाला, 1935 मध्ये भारताचा पश्चिम किनारा धरून सिलोनला पोचला आणि 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत शिरला. तोवर महायुद्ध पेटलेलं! सात वर्षं वल्ही मारून आलेल्या या पाहुण्याला थेट नजरकैदेत टाकलं.

आता कोकणी पंचांगातली खुबी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. (नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायचीच.) अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीनंतरच्या भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी, म्हणून नवशिक्याने तेच दिवस धरावेत. एकादशीला सकाळी सातला चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जावं, सव्वाआठला वळावं, की ओहोटीच परत आणून सोडते. दुपारचा खारा वारा सुटायच्या आत घरी आंबोळी. खाडीच्या मुखाशी मात्र ओहोटीला जाऊ नये. तिथे ती समुद्राकडेच ओढते. आणि जून-जुलैत, मासेमारीही बंद असते तेव्हा, होडी पालथी घालून ठेवावी.

तलावच हवा असेल तर घाट चढून साताऱ्यातल्या तापोळ्याला जा. तिथला शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. गंमत अशी की त्याच पाण्यावर सह्याद्रीच्या पायथ्याशी, पोफळीत, वीज होते आणि मग ते वाशिष्ठीतून दाभोळ खाडीत, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातच येतं. या वाशिष्ठीत मगरी आहेत आणि चिपळूणच्या बाजूला त्या दाखवायला बोटी निघतात. कयाकमध्ये माणूस पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच बसतो. तेव्हा तिथे मोठ्या बोटीचंच तिकीट काढा.