एचूका
ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील ऐतिहासिक नदीबंदर. लोकसंख्या सु. १५,००० (२०२१). हे मेलबर्नच्या उत्तरेस सु. २२० किमी. अंतरावर, मरी नदीच्या डाव्या तीरावर कँपास्पी नदीच्या संगमाजवळ वसले आहे. नावाचा अर्थ ‘जलांचे मीलन’ असा असून ते योर्टा योर्टा या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले आहे. समोरच्या तीरावर न्यू साउथ वेल्समधील मोआमा हे जोडगाव आहे.

इंग्लंडमधून हद्दपारीची शिक्षा झालेल्या हेन्‍री हॉपवुड याने शिक्षा संपल्यावर १८५० च्या सुमारास येथे वस्ती केली व नदीवर तर सुरू केली. १८५३ मध्ये विल्यम रँडेल व फ्रान्सिस कॅडेल यांनी मरी नदीत पहिल्या आगबोटी आणल्या. तथापि एचूकाच्या भरभराटीचे मुख्य कारण म्हणजे १८६४ मध्ये मेलबर्नहून येथवर आलेला लोहमार्ग. मरी, मरंबिजी व डार्लिंग या नद्यांकाठची लोकर पडावांत भरून आगबोटी ती ओढून आणीत व येथून ती रेल्वेने मेलबर्नला जाई. परतीच्या खेपेस पीठ, चहा, साखर व अवजारे नेली जात. १८७० नंतरच्या दशकात हे ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठे अंतर्गत बंदर होते.

या आगबोटींच्या दोन्ही बाजूंस वल्ह्यांची मोठी चाके असत. उथळ पाण्यात चालण्यासाठी त्यांचे तळ सपाट ठेवीत. बाष्पनिर्मितीसाठी काठावरचे लाकूड जाळीत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बोटी कित्येक महिने अडकून पडत. पावसाळी व कोरड्या हंगामांतील पातळीत मोठा फरक पडत असल्याने १८६५ पासून बांधलेला धक्का तीन मजली करण्यात आला. पाणी कोणत्याही पातळीवर असले, तरी माल उतरविता येई. ‘रेड गम’ या निलगिरीच्या जातीच्या टिकाऊ लाकडाचा हा धक्का एके काळी ३०० मी.हून अधिक लांब होता.

ज्या लोहमार्गाने बंदराला वैभव दिले, त्यानेच ते हिरावून घेतले. सिडनीहून निघालेले मार्ग हे येथे १८८२ मध्ये, तर बर्क येथे १८८५ मध्ये पोहोचले आणि लोकर परस्पर सिडनीकडे वळली. पुढे लाकडाचा व्यापार काही काळ टिकला. धक्क्याचा बराचसा भाग मात्र १९४० नंतरच्या दशकात मोडून त्याचे लाकूड जळणासाठी नेण्यात आले.

उरलेल्या धक्क्याचे जतन करण्यात आले असून २००७ मध्ये त्याचा राष्ट्रीय वारसा सूचीत समावेश झाला. येथील जुन्या बोटींत ‘ॲडलेड’ (१८६६), ‘पेव्हन्सी’ (१९११) व ‘अलेक्झांडर आर्बथनॉट’ (१९२३) या प्रमुख होत. ‘ॲडलेड’ ही जगातील चालू स्थितीतील सर्वांत जुन्या लाकडी आगबोटींपैकी एक असून अनेक वर्षे जमिनीवर प्रदर्शनार्थ ठेवल्यानंतर १९८५ मध्ये ती पुन्हा सेवेत आली. लाकडी बोट कोरडी पडल्यास फळ्या आकसून सांधे उघडतात. म्हणून ती पाण्यात व चालती ठेवणे, हाच तिच्या रक्षणाचा खरा उपाय ठरतो. त्यासाठी जुनी सुतारकी व बाष्पएंजिन चालविण्याचे कौशल्यही टिकवावे लागते.

पर्यटकांना धक्क्याचे खालचे मजले, हॉपवुडचे जुने ‘ब्रिज हॉटेल’ व १८७८ मधील लोखंडी पूल पाहता येतो. आगबोटीतून नदीविहारही करता येतो. खालच्या अंगास टॉरंबारी येथे असलेल्या बंधाऱ्यामुळे एचूकाजवळ पाणी पूर्वीपेक्षा स्थिर राहते; तथापि ऑक्टोबर २०२२ च्या महापुरात शहराच्या बऱ्याच भागाला झळ पोहोचली. येथील उन्हाळा कडक असल्याने वसंत व शरद हे ऋतू भेटीस अधिक सोयीचे आहेत.