धूर म्हणजे नशीब नव्हे!

पहाटे चूल पेटली की घर जागे होते. चहाचे आधण, आंघोळीचे पाणी, कामावर निघणाऱ्याच्या डब्यातली भाकरी, सारे तिच्याच भरवशावर. आज पुष्कळ घरी गॅस आला, तरी चूल सुटलेली नाही. केंद्र सरकारची उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली आणि गरीब घरच्या बाईच्या नावे सिलिंडर आला. पण तो संपला की पुन्हा भरायला रोख पैसे लागतात. म्हणून गॅसवर चहा आणि चुलीवर भाकरी, असा संसार कित्येक घरांत चालू आहे. परवडेल तेवढे गॅसवरच रांधावे, हे बरे. पण चूल पेटवायचीच, तर ती कशी पेटवावी याचा विचार आपण घरातल्या सर्वांनी केला पाहिजे.

आईचे डोळे चुरचुरतात, आजी रात्रभर खोकते, तान्ह्या बाळाची छाती भरते. याला आम्ही कधी वय म्हणत आलो, कधी हवापाणी, नाहीतर नशीब! जुनाट खोकला व दमछाक, फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, मोतीबिंदू आणि बालकांचा न्यूमोनिया या दुखण्यांमागे घरातला धूर हे एक मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 या एका वर्षात अशा धुराने जगभर सुमारे 32 लाख माणसे दगावली.

धूर म्हणजे तरी काय? पुरते न जळलेले लाकूड. आमच्या माताभगिनींनी डोक्यावर मोळी वाहून आणलेले सरपण अर्धवट जळते आणि त्यांच्याच छातीत जाऊन बसते. म्हणूनच सरपण वाचवणे आणि छाती वाचवणे ही दोन कामे नाहीत, एकच काम आहे.

सरपण वाळलेले हवे

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते पाणी आटवण्यातच आच खर्ची पडते आणि घर धुराने भरते. म्हणून पावसाळ्याच्या आधीच लाकूड फोडून ठेवावे. दगडांवर फळी टाकून, जमिनीपासून वर रचावे, वरून झाकावे, पण बाजूंनी वारा खेळू द्यावा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहा. खणखणीत आवाज आला तर वाळल्या, बद्द आला तर अजून ओल्या. अंगठ्याएवढ्या जाडीच्या ढलप्या चांगल्या जळतात. प्लास्टिकच्या पिशव्या, रबर, रंग दिलेले लाकूड चुलीत कधीही घालू नये. त्यांचा धूर विषारी असतो.

चुलीलाही श्वास हवा

साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी शेकडा 10 ते 15 एवढीच भांड्याला लागते, बाकी वाया जाते. रोज सकाळी राख काढावी. चुलीचे तोंड लाकडांनी चोंदू नये. लाकडांखाली लोखंडी जाळी ठेवली तर खालून हवा मिळून जाळ स्वच्छ होतो. लाकडे टोकाने जाळावीत व जळतील तशी आत सरकवावीत. डाळ आधी भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे. काम संपताच लाकडे बाहेर ओढून विझवावीत.

चुलीसमोर दार किंवा खिडकी हवी आणि छपराखाली धूर जायला वाट हवी. धुराडे असेल तर ते छपराच्या वर न्यावे. 1983 साली सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम देशभर काढला होता. अनेक घरी धुराड्यातली काजळी कोणी काढली नाही आणि चांगल्या चुली निकामी झाल्या. काजळी साठली की ती पेटण्याचाही धोका असतो.

जिवाला जपा

थंडीत घमेल्यात निखारे घेऊन दार लावून झोपू नये. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून खोली बंद करण्याची रीतही सोडून द्यावी. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला ना वास, ना रंग. झोपेतच माणूस जातो. चूल आणि सिलिंडर एका खोलीत ठेवू नयेत. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो आणि थेट चुलीपाशी पोचतो. पेटत्या चुलीत रॉकेल, पेट्रोल ओतू नये. नायलॉनची साडी नको, सुती बरी, आणि पदर खोचलेला असावा. रांगते मूल चुलीजवळ नको.

कपड्याने पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर लोळावे किंवा इतरांनी जाड घोंगडी टाकून आग दाबावी. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काही लावू नये. जास्त भाजले असेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी एक गोष्ट आमच्या बंधूंना. चुलीवरची भाकरी सर्वांनी खायची आणि धूर मात्र एकटीने, हा न्याय नव्हे. येत्या सुट्टीच्या दिवशी कुऱ्हाड घ्या, महिन्याचे सरपण फोडा, धुराड्याची काजळी काढा. आणि एक सांज चुलीपुढे स्वतः बसून पाहा. घरात खिडकी कुठे पाडायची, ते मग कोणी सांगावे लागणार नाही.