बोट दाखवणाऱ्याचं काय?

सेशन्स कोर्टात सरकारी वकील म्हणून उभी राहते तेव्हा मला धास्ती असते ती एकाच घटकेची. पिंजऱ्यातला साक्षीदार पोलिसांपुढे दिलेला जबाब एकेक वाक्य करत नाकारू लागतो, नजर चुकवतो, आणि त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मला मागावी लागते. मध्यंतरी त्याला कोण भेटून गेलं, हे रोजनाम्यात कुठेच येत नाही. म्हणून पीटर वेअर यांचा ‘विटनेस’ (१९८५) मी पुन्हा पुन्हा पाहते.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात आमिश लोक राहतात. घरात वीज नाही, फोन नाही, प्रवास घोडागाडीचा, आणि शस्त्र हाती धरायचं नाही हा धर्म. त्यांच्यातला आठ वर्षांचा सॅम्युअल विधवा आईबरोबर बाहेरगावी निघालेला असतो. फिलाडेल्फियाच्या स्टेशनवर गाडी बदलायची असते आणि पुढची गाडी उशिरा येणार असते. तेवढ्या वेळात तिथल्या स्वच्छतागृहात तो एक खून पाहतो. मेलेला माणूस पोलिस. तपास जॉन बुक या डिटेक्टिव्हकडे येतो. ही भूमिका हॅरिसन फोर्डची.

बुक सुरुवातीला पोरावर दयामाया दाखवत नाही. एका संशयिताचं तोंड गाडीच्या काचेवर दाबून ‘हाच का?’ म्हणून विचारतो. ओळखपरेड होते, फोटोंचे अल्बम होतात, काही निष्पन्न होत नाही. मग पोलिस ठाण्यातला तो प्रसंग. बुक फोनवर बोलतोय, मुलगा इकडेतिकडे फिरतोय. बक्षिसांच्या काचेच्या कपाटात वर्तमानपत्राचं एक कात्रण लावलंय, त्यात मॅकफी नावाच्या सत्कारमूर्ती पोलिस अधिकाऱ्याचा फोटो. मुलगा थबकतो. बुक त्याच्याकडे पाहतो, फोन ठेवतो, जवळ येऊन खाली वाकतो. मुलाचं बोट फोटोकडे उठतं आणि बुक ते हलकेच आपल्या मुठीत झाकून घेतो. संवाद एकही नाही. साक्षीदाराचं संरक्षण त्या मुठीपासून सुरू होतं, असं मला ठाम वाटतं. त्याला काय ठाऊक आहे, हे चुकीच्या माणसाला कळू न देणं ही पहिली पायरी.

बुक ही माहिती फक्त आपल्या वरिष्ठाला, शेफरला सांगतो. काही वेळातच मॅकफी त्याच्यावर गोळ्या झाडतो. म्हणजे फुटलं कुठून, याचं उत्तर एकच उरतं. जखमी बुक सहकाऱ्याला सांगून मायलेकांची नावं असलेले कागद फायलीतून गायब करायला लावतो आणि त्यांच्याच गावी जाऊन लपतो. शेफरला मायलेकांचं आडनाव माहीत आहे, लॅप. पण त्या परगण्यात लॅप ढिगाने, आणि चौकशी करायला कुणाच्या घरी फोन नाही!

आपल्याकडे साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ प्रमाणे प्रत्येक राज्याने अशी योजना करणं बंधनकारक आहे. २०१८च्या योजनेत साक्षीदार अर्ज करतो, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते. घराभोवती बंदोबस्त, फोन नंबर बदलणं, बंद दालनात साक्ष, फार तर नवी ओळख, अशी तरतूद आहे. पण धोका किती, याचा अहवाल देतो पोलिस उपविभागाचा अधिकारी. धोका पोलिसांकडूनच असेल तर काय, हा ‘विटनेस’चा प्रश्न तिथे जसाच्या तसा उभा राहतो. अहवालाची दुसरी, स्वतंत्र वाट असायलाच हवी.

बुक आणि मुलाची आई रेचल यांचं प्रेम केली मॅकगिलिसने सुरेख उभं केलंय, पण माझं लक्ष शेवटाकडे असतं. शेफर बंदूक घेऊन शेतावर पोहोचतो, तेव्हा सॅम्युअल आवारातली घंटा वाजवतो. शेजारपाजारचे लोक रिकाम्या हातांनी धावत येतात आणि नुसते उभे राहतात. एका मुलाला गप्प करता आलं असतं, एवढ्यांना कसं करणार? शेफर बंदूक देऊन टाकतो.

पटकथा आणि संकलन, दोन्हींची ऑस्कर या चित्रपटाला मिळाली. खटला मात्र तो दाखवत नाही. सॅम्युअलला त्याच शहरात परत यावं लागलं असेल, अनोळखी दालनात मॅकफीचा फोटो ओळखावा लागला असेल, आणि शेफरच्या वकिलाने उलटतपासाला सुरुवातच अशी केली असती: तू तेव्हा दाराच्या फटीतून पाहत होतास ना, मग चेहरा पूर्ण दिसला कसा?