पिस्तूल व रिव्हॉल्व्हर, छोटे

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर, छोटे : एका हाताने झाडता येणारी व वस्त्रांखाली झाकून नेता येणारी आखूड नळीची अग्निशस्त्रे. नागरिकांच्या स्वसंरक्षणार्थ ती विशेषेकरून वापरली जातात.

रिव्हॉल्व्हरमध्ये नळीमागील फिरत्या चक्रात बहुधा सहा काडतुसे असतात. एखादे काडतूस उडाले नाही, तर चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस नळीसमोर येते. रचना साधी असल्याने अनभ्यस्त व्यक्तीस हेच शस्त्र सोयीचे. मात्र चक्राच्या फुगवट्यामुळे ते कपड्यांतून जाणवते. पिस्तूल चपटे असून त्याच्या मुठीतील खजिन्यात सात-आठ काडतुसे मावतात. बाराच्या धक्क्याने रिकामे टरफल बाहेर पडून नवे काडतूस नळीत भरले जाते; टरफल अडकल्यास शस्त्र बंद पडते. खजिना काढला तरी नळीत एक काडतूस शिल्लक राहू शकते. शस्त्र रिकामे आहे, या समजुतीने होणाऱ्या अपघातांचे हे एक मुख्य कारण होय.

महाराष्ट्राच्या इतिहासात अशा शस्त्रांचा ठळक संबंध नासिकशी येतो. वि. दा. सावरकरांनी 1909 मध्ये लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे पाठविली होती. त्यांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध केला. महात्मा गांधींची हत्या (30 जानेवारी 1948) बेरेटा 1934 या सु. 15 सेंमी. लांबीच्या इटालियन पिस्तुलाने झाली.

शस्त्र अधिनियम 1959 हा 1 ऑक्टोबर 1962 पासून अंमलात आला. 9 मिमी. व 0·38 इंच हे सैन्य व पोलीस यांच्या वापरातील अंतर्व्यास सामान्य नागरिकास वर्ज्य असल्याने भारतात 0·32 इंची शस्त्रे रूढ झाली. रिव्हॉल्व्हरचे व पिस्तुलाचे 0·32 इंची काडतूस मात्र भिन्न असून एकाचे दुसऱ्यात चालत नाही. परवान्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात व परवान्याची मुदत पाच वर्षे झाली. 2016 च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हे शस्त्र म्यानात व पूर्ण झाकलेलेच असावे लागते. म्हणजे इतर काही देशांत ज्यासाठी वेगळी परवानगी लागते, ते झाकून नेणे येथे परवानाधारकाचे कर्तव्यच ठरते.

यवतमाळ जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे आहे. वनालगतच्या शेतकऱ्याची गरज मात्र निराळी : रानडुकरांपासून पीक राखण्यास छोटे पिस्तूल निरुपयोगी असते. अधिनियमातही पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. बेकायदेशीर गावठी कट्टा या दोहोंत मोडत नाही. त्याची नळी पुष्कळदा साध्या नळकांड्याची असते व दाबाने फुटून झाडणाऱ्याचाच हात जाऊ शकतो.

भारतीय बनावटीत ‘अशनी’ हे 0·32 इंची पिस्तूल आणि कानपूर येथील ‘निर्भीक’ (2014) हे सु. 500 ग्रॅ. वजनाचे रिव्हॉल्व्हर उल्लेखनीय आहेत. निर्भीक स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणले गेले, तरी सव्वा लाख रुपयांच्या आसपासची त्याची किंमत सामान्य स्त्रीच्या आवाक्याबाहेरचीच होती. ‘प्रबळ’ (2023) या रिव्हॉल्व्हरचे चक्र बाजूस उघडते, त्यामुळे काडतुसे भरण्यासाठी शस्त्र मोडावे लागत नाही. पुण्याजवळील खडकीच्या कारखान्यात (स्थापना 1869) लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात.