तग धरणे आणि उभारी घेणे

हल्ली सरकारी कागदांत आणि सभा-बैठकांत 'रेझिलियंट' हा शब्द वारंवार कानी पडतो. 'मागे उसळणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला. मराठीत त्याला एकच शब्द पुरत नाही. आम्हांस वाटते, त्याचा अर्थ आपल्या देडतलाईच्या शिवारातच शोधावा.

वादळात वाकून पुन्हा सरळ होतो तो वेळू लवचिक. पावसाने ताण दिला की ज्वारी पाने गुंडाळून वाढ थांबवते आणि सरी येताच पुन्हा वाढू लागते. ती तग धरते. केळीचे निराळे. आपला बुऱ्हाणपूर जिल्हा केळीसाठी नावाजलेला, पण केळीचे खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी. वाऱ्याने ते मोडते. तरी जमिनीतला कंद जिवंत असतो व त्यातून मुनवे फुटतात. ही झाली उभारी.

पण ती आपोआप येत नाही. मोडलेली खोडे काढावी, एक जोमदार मुनवा राखून बाकीचे छाटावे, खतपाणी द्यावे. कंदच सुकला तर उभारी कसली?

शरीराचेही तसेच. लेकराला जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. अंगावरचे दूध व जेवण बंद करू नये. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर तडक दवाखाना गाठावा.

म्हणून बाग आडवी झालेल्या शेजाऱ्याला 'तू चिवट आहेस, निभावशील' एवढेच म्हणून घरी जाऊ नये. मध्य प्रदेशात महसूल पुस्तक परिपत्रक 6-4 नुसार पीकहानीची मदत मिळते. पटवाऱ्याला नुकसान लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा. त्यासाठी आपण त्याच्यासोबत जावे. खोडे काढायला एक दिवस हात द्यावा. नवी लागवड करायची असेल, तर निरोगी बागेतलेच मुनवे द्यावे.

तग ज्याची त्याने धरावी. उभारी मात्र सर्वांनी मिळून द्यावी.