दवाखाना कोण चालवतो?

वाचकहो, दवाखाना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? डॉक्टर येतो. नर्सबाई येते. सुई येते, औषधाची बाटली येते. पण या साऱ्या माणसांना कामावर नेमतो कोण? औषधाला पैसा कोठून आणायचा? गरिबाकडून किती घ्यायचे आणि सधन माणसाकडून किती? रात्री दवाखाना उघडा ठेवायचा की कुलूप लावायचे? हे ठरवतो कोण?

हे ठरवते मंडळ. दवाखाना धर्मादाय असेल तर त्याला विश्वस्त मंडळ असते. सरकारी असेल तर डॉक्टर आणि नर्स सरकार नेमते, पण कारभार पाहायला तेथे रुग्ण कल्याण समिती असते. नावे वेगळी, पण दोन्हींकडे चार माणसे एकत्र बसतात आणि विचाराने कारभाराला वळण देतात. गाडी बैल ओढतात, पण कोणत्या वाटेने जायचे ते गाडीवान पाहतो. मंडळाचे काम गाडीवानाचे आहे.

मंडळाची कामे चार.

पहिले काम वाट ठरवण्याचे. आपला दवाखाना कोणासाठी? जवळच्या बाजारपेठेसाठी, की लांबच्या वाड्यावस्त्यांसाठी सुद्धा?

दुसरे काम पैशाचे. पैसा आला किती, गेला किती, उरला किती, हे वहीत लिहायचे. आपल्या राज्यात सार्वजनिक संस्थांसाठी १९५० सालापासून कायदा आहे. संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत करावी लागते. हिशेब तपासून घ्यावा लागतो. देणगी म्हणजे कोणाच्या घरचा पैसा नव्हे.

तिसरे काम माणसे नेमण्याचे आणि त्यांच्या कामावर नजर ठेवण्याचे.

चौथे काम उद्याची माणसे तयार करण्याचे. आपण आज खुर्चीवर आहोत, उद्या नसू. मग हे काम कोण पाहील?

आम्ही पुष्कळ मंडळे पाहिली. पहिली तीन कामे बरी होतात. चौथे मात्र विसरले जाते. एकच माणूस वीस-वीस वर्षे अध्यक्ष राहतो. किल्ल्या त्याच्याकडे, वह्या त्याच्याकडे, ओळखीपाळखी त्याच्याच. तो आजारी पडला की संस्था आजारी पडते. घरात एकट्या म्हातारीलाच दळता येत असेल, तर म्हातारीने अंथरूण धरताच घर उपाशी राहायचे. तसेच हे.

तर हे चौथे काम मनावर घेतलेल्या दोघांची हकिगत आता सांगतो. ती आपल्याच मुलखातली आहे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, या जिल्ह्यात जामखेड नावाचे तालुक्याचे गाव आहे. पाऊस कमी, जमीन हलकी. ऊसतोडीला आणि रोजगाराला लोक बाहेर जात. या भागात १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल आरोळे यांनी कामाला सुरुवात केली. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. पुढे अमेरिकेतही शिकून आलेले. शहरात मोठा दवाखाना थाटला असता तर पैशाला तोटा नव्हता. पण ते जामखेडला आले.

त्याआधी त्यांनी जिल्ह्यातच वडाळा येथील मिशनच्या दवाखान्यात काम केले होते. तेथे त्यांना एक गोष्ट दिसली. रोगी बरा होऊन घरी जाई आणि थोड्या दिवसांनी तेच दुखणे घेऊन परत येई. का बरे? कारण घरी पाणी तेच गढूळ, खाणे तेच अपुरे. औषधाने दुखणे जाते, दुखण्याचे मूळ जात नाही. मूळ उपटायचे तर डॉक्टरने गावात गेले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

पण गावे पुष्कळ आणि डॉक्टर दोनच. शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यात पाठवून पाहिले. त्या तेथे राहायला नाखूश असत. गावच्या बायाही परक्या बाईपाशी मन मोकळे करीत नसत. तेव्हा विचार निघाला, की गावातलीच एखादी बाई का शिकवू नये?

आता बघा, केवढे धाडस हे! निवडलेल्या बायांत कित्येकींना अक्षर येत नव्हते. काही दलित समाजाच्या होत्या. काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. कधी घराबाहेर न पडलेल्याही होत्या. लोक म्हणाले, "अहो, हिला काय कळतं? ही काय डॉक्टरकी करणार?" घरची माणसेही आड येत.

पण बाया आल्या. शिकण्यासाठी त्या जामखेडला येत आणि मुक्कामाला राहत. निरनिराळ्या जातींच्या बाया एकत्र जेवत, एकत्र निजत. पहिल्या पहिल्यांदा हे जड गेले. एकमेकींच्या ताटाशेजारी बसायची सवय कोणाला होती? पण पोटात बाळ अडले की कुणब्याच्या बाईच्या कळा आणि दलित बाईच्या कळा सारख्याच, हे त्यांच्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक असणार!

त्या काय शिकल्या? गरोदर बाईची तपासणी कशी करावी. बाळंतपण स्वच्छ कसे करावे. मुलाचे वजन कसे करावे. मुलाला जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे. कुष्ठरोग आणि क्षय वेळीच कसा ओळखावा. एका वेळी थोडे शिकायचे, गावात जाऊन ते करायचे आणि परत येऊन काय घडले ते सांगायचे. जुनी शिकलेली बाई नव्या बाईला शिकवी. शिकवणारी आणि शिकणारी एकाच बोलीत बोलत, म्हणून ते मनात उतरे.

पुरुषांनाही वगळले नाही. गावोगाव शेतकरी मंडळे निघाली. बायांची महिला मंडळे निघाली. पाणी, झाडे, आरोग्य यांची चर्चा तेथे होऊ लागली. ज्याने आयुष्यात कधी चारचौघांत तोंड उघडले नव्हते, तो उठून दोन शब्द बोलू लागला.

१९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या ध्यानात असेल. तेव्हा पाण्यासाठी कूपनलिका खोदल्या. हापसा कोठे बसवायचा? कित्येक गावांत तो दलित वस्तीत बसवला. पाणी हवे तर साऱ्या गावाने तेथे यावे! कोणाला भाषण दिले नाही, कोणाशी भांडण केले नाही. पण गावाची पावले त्या वस्तीकडे वळली. वाट ठरवणे म्हणजे काय, ते यावरून समजेल.

याचे फळ काय मिळाले? काम सुरू झाले तेव्हा त्या गावांत जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे पावणेदोनशे मुले वर्षाच्या आत दगावत. विसावे शतक संपेपर्यंत हा आकडा तिसाच्या आत आला. वाचकहो, हा नुसता आकडा नाही. तेवढे पाळणे रिकामे व्हायचे राहिले.

या कामाची कीर्ती दूर गेली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका पुस्तकात त्याची माहिती छापली. १९७९ साली आरोळे पति-पत्नींना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. सरकारी समित्यांनी रजनीकांतांचा सल्ला घेतला. मेबलबाईंनी युनिसेफ या संस्थेत सल्लागार म्हणून काम केले. देशोदेशीचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. आणि त्यांना शिकवायला कोण उभे राहिले? डॉक्टर तर होतेच, पण त्यांच्या जोडीला गावच्या बाया सुद्धा होत्या!

त्यांच्यापैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी गेल्या. मोठ्या सभेत त्या बोलल्या. सभागृहात झुंबरे लखलखत होती. त्यांच्या बोलण्याचा मतलब थोडक्यात असा होता: ही झुंबरे सुंदर आहेत, पण महाग आहेत आणि एका जागी टांगलेली आहेत. गावची बाई ही लहान पणती आहे. पणती स्वस्त असते, हातात धरून कोठेही नेता येते आणि एका पणतीने दुसरी लावता येते.

मेबलबाई १९९९ साली वारल्या. रजनीकांत २०११ साली वारले. ज्या संस्थेत एकाच माणसाच्या हाती सारे असते, ती अशा वेळी बसते. जामखेडचे काम बसले नाही. त्यांच्या मुलाने आणि मुलीने कारभार सांभाळला. पण संस्थापकांची मुले एकटी काय करणार? गावोगाव शिकलेल्या बाया होत्या, म्हणून काम चालले. एक खांब पडला, तरी बाकीच्या खांबांनी छप्पर तोलून धरले.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे मोठ्या माणसांचं झालं. आमचा याच्याशी काय संबंध?"

संबंध आहे. २००५ साली सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले. गावोगावच्या आशाताई त्या अभियानातून आल्या. त्याच अभियानात गावाच्या आरोग्य समितीची सोय झाली. पाणी, स्वच्छता आणि पोषण हे विषय या समितीकडे येतात. तिच्यात निम्म्या तरी बाया असाव्यात, असे सरकारने सुचवले आहे. म्हणजे तुमच्यापैकी कोणालाही उद्या बोलावणे येऊ शकते.

पण पुष्कळ ठिकाणी काय होते? नाव बाईचे असते आणि बैठकीला नवरा जातो. किंवा घरी वही येते आणि कोणी तरी म्हणते, "इथं अंगठा करा." काय लिहिले आहे ते कळत नाही. असा सभासद म्हणजे शेतातले बुजगावणे. उभे असते, पण राखण करीत नाही.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. म्हणून आमचे सांगणे एवढेच:

बैठकीला स्वतः जा. वही वाचल्याशिवाय सही करू नका. एखादा शब्द अडला तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. पैसा आला किती आणि कशावर गेला, हे दर बैठकीत विचारा. कोणत्या वस्तीतला माणूस समितीत नाही, तेही पाहा. ज्या वस्तीचा माणूस बैठकीत नसतो, त्या वस्तीचे दुखणे वहीत येत नाही.

आणि तुम्ही जुने सभासद असाल तर चौथे काम विसरू नका. पुढच्या बैठकीला एका तरुण मुलीला किंवा मुलाला बरोबर न्या. हिशेब त्याच्याकडून मांडून घ्या. त्याचे चुकले तर चारचौघांत हसू नका, बाजूला घेऊन समजावून सांगा. तुमच्याहून वेगळ्या जातीचा, वेगळ्या वस्तीचा असेल तर अधिकच चांगले. त्याला जे दिसते ते तुम्हाला दिसत नसेल.

खुर्चीवर कोणीही बसू शकतो. आपण उठल्यावर तेथे नीट बसेल असा माणूस जो तयार करतो, त्यालाच पुढारी म्हणावे.